उघाडीच्या लाकडाचं पेन

नामदेव मढवी यांनी बनवलेलं पहिलं पेन चांगलं लिहीत होतं. फक्त ते बंद होत नव्हतं.

लाकडी पेनाचे भाग एकमेकांत दाबून बसवायचे असतात. रिफिल आत-बाहेर करणारा पितळी भाग किती दाबायचा, याला मर्यादा आहे. ती तांदळाच्या दाण्याएवढी ओलांडली तरी रिफिलचं टोक कायमचं बाहेर राहतं, आणि एकदा दाबलेला भाग परत निघत नाही. नामदेवशेठ दाबत राहिले, कारण दाबताना काहीतरी नीट बसतंय असं वाटत होतं.

मुलगा हरेश न्हावा शेव्याला एका कस्टम एजंटच्या ऑफिसात कामाला आहे. वडिलांचं मन राखायला तो ते पेन पांढऱ्या शर्टाच्या खिशात लावून गेला. दुपारच्या जेवणापर्यंत खिशावर तळहाताएवढा निळा डाग पडला होता. संध्याकाळी त्याने पेन वडिलांसमोर ठेवलं.

"बाबा, हे बंद कसं करायचं?"

"बंद कशाला? लिवाचा हाय ना?"

"खिशात पण ठेवायचं असतं."

"मग खिशान उलटा ठेव."

दुसऱ्या दिवशी हरेशने उलटं ठेवून पाहिलं. तो फाइल उचलायला वाकला आणि त्याच्या हनुवटीवर रेघ आली. तिसऱ्या दिवशी पेन घरीच राहिलं.

नामदेवशेठ नावडे गावचे. शहर आलं तेव्हा शेती गेली, आणि घराच्या जागी तीन मजली इमारत उभी राहिली. शेठ ही पदवी भाडेकरूंनी दिलेली. घरमालकाला महिन्यातून एक दिवस काम असतं. बाकीचे दिवस ते नाक्यावर बसून काढत, पण नाक्यावरची मंडळी गुडघ्यांमुळे आणि नातवंडांमुळे हळूहळू कमी होत गेली. मग एका व्हिडिओत त्यांनी एका परदेशी माणसाला लाकडाचं पेन बनवताना पाहिलं. तो माणूस बोलत नव्हता, घाई करत नव्हता आणि त्याला कोणी हाक मारत नव्हतं. नामदेवशेठना हे काम आवडलं.

कामोठ्यात एक जण पोळपाट-लाटणी बनवायचा. तो धंदा बंद करून गावी चालला होता. त्याचं छोटं लेथ मशीन नामदेवशेठनी उचललं आणि इमारतीच्या तळमजल्यावर, रस्त्याकडे शटर असलेल्या खोलीत बसवलं. तिथलं झेरॉक्सचं दुकान नुकतंच रिकामं झालं होतं.

या खोलीबद्दल त्यांच्या पत्नी काशीबाईंचा विचार वेगळा होता. कॉलनीत राहणारी क्रांती कामोठ्याच्या एका ब्युटी पार्लरमध्ये नोकरीला होती आणि तिला स्वतःचं पार्लर टाकायचं होतं. काशीबाईंनी तिला अर्धा शब्द दिला होता. त्या अर्ध्या शब्दावर क्रांती दर रविवारी टेप घेऊन माप घ्यायला यायची.

"काका, टेन्शन नका घेऊ. तुम्ही तुमचं काम करा, मी फक्त भिंत मोजते."

"गेल्या आठवड्यान मोजली ना?"

"तेव्हा आरसा छोटा धरला होता."

धाकट्या मुलीचं, उन्नतीचं लग्न ठरलं आणि खोलीचा प्रश्न निकाली काढायची वेळ आली. लग्न मे अखेरचं होतं. पत्रिका हजाराच्या वर. त्यांवर नावं घालण्याचा मान गोटीराम मढवींचा, म्हणजे नामदेवशेठच्या थोरल्या चुलतभावाचा. गोटीरामदादा ग्रामपंचायतीत कारकून होते. त्यांचं अक्षर असं, की पत्रिका आली म्हणजे लोक आधी स्वतःचं नाव बघतात, मग लग्न कोणाचं ते.

काशीबाई खोलीच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "अवो, पत्रिका दादा लिवनार ना?"

"दुसरा कोन हाय?"

"मग त्यांना तुमचा पेन द्या. सगल्या पत्रिका तुमच्या पेनान लिवल्या, एक पन वाया नाय गेली, तर खोली तुमची. मी परत तोंडान काढनार नाय. नायतर लगीन झाला का चावी क्रांतीला."

"एक पन?"

"एक पन."

क्रांती भिंतीला टेप लावून उभी होती. ती म्हणाली, "मावशी, मी थांबते तोपर्यंत. पण आरशांची ऑर्डर सांगून ठेवू का? त्यांना वेळ लागतो."

तेव्हा डिसेंबर होता आणि नामदेवशेठकडे बंद न होणाऱ्या एका पेनाशिवाय काही नव्हतं.

त्यांनी परसातल्या आंब्याची फांदी तोडली आणि त्याच आठवड्यात लेथला लावली. ओलं लाकूड लोण्यासारखं सोललं जात होतं. संध्याकाळी पेन तयार झालं, गुळगुळीत, पिवळसर. सकाळी ते उभं चिरलं होतं आणि फटीतून आतली पितळी नळी दिसत होती. नामदेवशेठनी दोष आंब्याला दिला. म्हणाले, "रायवल आंबा हाय. हापूस असता तर नसता फुटला."

मग फर्निचरवाल्याकडून शिसवीचे सुके तुकडे आणले. लाकडाला भोक पाडून त्यात पितळी नळी गोंदाने चिकटवायची असते. त्यांनी झटपट चिकटणारा गोंद वापरला. तो इतका झटपट चिकटला की नळी अर्ध्यात अडकली. हातोडीने ठोकली तशी ती वाकली, आणि तिच्यासोबत अंगठाही सुजला. पुढच्या तुकड्याचं भोक तिरकं गेलं आणि बाजूने बाहेर आलं. त्याच्या पुढचा तुकडा त्यांनी पटाशीने इतका बारीक काढला की लाकूड संपून पितळ चमकायला लागलं.

दोष कधी विजेच्या दाबाचा होता, कधी पटाशीच्या धारेचा, आणि शेवटी व्हिडिओतल्या माणसाचा.

"त्याचा कवाच फुटत नाय," ते हरेशला म्हणाले.

"फुटत असेल. दाखवत नसेल."

"मग शिकवतो काय?"

काशीबाईंनी बिघडलेली पेनं फेकली नाहीत. एका नळीने पायजम्यात नाडी छान ओवली जाते, असं त्यांना आढळलं. दुसरी धुण्याच्या मशीनच्या हलणाऱ्या पायाखाली बसली. उन्नती एक पेन अंबाड्यात खोचून ऑफिसला जाऊ लागली आणि तिच्या मैत्रिणीने तसंच एक मागितलं. घरात नामदेवशेठच्या कामाला मागणी होती, पण लिहिण्यासाठी नव्हे.

तरी फेब्रुवारीपर्यंत त्यांच्या हाताला बरंच कळलं होतं. गोंद सावकाश धरणारा घ्यायचा. भोक पाडताना दर थोड्या वेळाने भुसा बाहेर काढायचा. शेवटचा भाग बसवताना थांबून, रिफिल फिरवून बघायची, मगच पुढे दाबायचं. आणि लाकूड जुनं, सुकलेलं हवं. हे कळल्यावर त्यांना जिन्याखालच्या फळ्या आठवल्या.

त्या फळ्या उघाडीच्या होत्या. खाडीकाठच्या भातशेतीला खाऱ्या पाण्यापासून वाचवायला मातीचा बांध असायचा आणि बांधाला उघाडी, म्हणजे लाकडी दार. ओहोटीला शेतातलं पावसाचं पाणी त्यातून बाहेर सोडायचं, भरतीला दार लावून खाडी अडवायची. गावच्या बांधाची उघाडी नामदेवशेठचे वडील सांभाळायचे. शेती गेली तेव्हा त्यांनी दाराच्या फळ्या सोडवून घरी आणल्या. काय करायचं ते ठरलं नव्हतं, म्हणून त्या जिन्याखाली गेल्या आणि तिथेच राहिल्या.

फळ्या काळ्या पडल्या होत्या आणि त्यांच्यावर पांढरट पापुद्रा होता. जिना बांधताना उडालेला चुना असेल, असं समजून नामदेवशेठनी तो तारेच्या ब्रशने घासून काढला. लाकडाने दोन पटाशा बोथट केल्या. पण पेन उतरलं ते असं, की काशीबाईही हातात घेऊन उलटसुलट बघत राहिल्या. गडद तपकिरी, मधे काळी रेघ, हाताला जड.

गोटीरामदादांनी त्याने रद्दी कागदावर स्वतःची सही केली. मग गावदेवीचं नाव लिहिलं. मग परत सही केली.

"नाम्या, ह्यान जेलची रिफिल घाल. जेलशिवाय माझा अक्षर बसत नाय."

"घालतो. पन पेन बरा हाय ना?"

"पेन बरा हाय. तू केलास असा वाटत नाय."

रविवारी क्रांती आली. तिने पेन पाहिलं आणि टेप पर्समध्ये ठेवला.

बातमी गावात फिरली. ज्यांची शेतं त्या बांधाच्या आत होती, ते एकेक करून शटरपाशी यायला लागले. आमच्या शेतातलं पाणीही याच उघाडीतून जात होतं, तेव्हा एक पेन आमच्याही वाट्याचं, असं त्यांचं म्हणणं. युक्तिवाद बिनतोड होता. नामदेवशेठनी सगळ्यांना पेनं करून दिली. सगळी लिहीत होती, बंद होत होती. काही दिवस नावड्यात गुडघेदुखीपेक्षा पेनाची चर्चा जास्त झाली. नामदेवशेठ आता व्हिडिओ बघताना त्या परदेशी माणसाच्या चुका काढत.

एप्रिल अर्धा सरला आणि खाडीकडून दमट हवा सुरू झाली.

पहिली तक्रार शेजारच्या केशरबाईंकडून आली. त्यांच्या मुलाच्या खिशातलं पेन ओलं होतं आणि खिशावर पांढरी रेघ उमटली होती. मुलाने ते पुसून टेबलावर ठेवलं. सकाळी टेबलावर पेनाच्या आकाराचं पाणी होतं. दोन दिवसांत आणखी तिघे आले. सगळ्यांच्या पेनांना पाणी सुटलं होतं, मेणाची चकाकी जाऊन वर बारीक फोड आले होते.

"तुमच्या हाताला घाम येतोय," नामदेवशेठ म्हणाले.

"टेबलाला हात हाय काय माझ्या?" केशरबाईंचा मुलगा म्हणाला.

उन्नतीने आपल्या वडिलांचं पेन दोन बोटांत धरून बघितलं. "बाबा, माझ्या लग्नात रडायला माणसं कमी पडतील म्हणून बनवलं का हे?"

केशरबाईंना मात्र कारण लगेच सापडलं. बांध होता तेव्हा दर वर्षी पावसाआधी उघाडीला नारळ दिला जायचा. बांध गेल्यापासून कोणी दिला नाही. आणि आता तर तिचे तुकडे करून, भोकं पाडून, लोक खिशात घालून हिंडतात.

"रागवनार नाय तर काय करंल? नारल द्या तिला," त्या म्हणाल्या.

नामदेवशेठचा यावर विश्वास नव्हता, पण दुसरं कारणही त्यांच्याकडे नव्हतं. पेनवाले सात-आठ जण संध्याकाळी नारळ घेऊन निघाले. उघाडीच्या जागी आता एका गोदामाची भिंत होती आणि आत कंटेनर रचलेले होते. फाटकावरच्या रखवालदाराने त्यांना अडवलं.

"कौनसी कंपनी से?"

"कंपनी नाय. गाव से," नामदेवशेठ म्हणाले.

"किससे मिलना है?"

 नामदेवशेठनी नारळ पुढे केला. "इसको फोडने का है. अंदर."

"अंदर का गेटपास लगता है."

"नारल का पन?"

"माल का अलग लगता है."

नारळ भिंतीच्या बाहेरच फोडला. रखवालदाराने खोबऱ्याचा तुकडा घेतला, डोक्याला लावला आणि फाटक बंद केलं. रात्री घरोघरी पेनं पुसून ठेवली गेली. सकाळी ती ओली होती. केशरबाई म्हणाल्या, नारळ आत फोडायला हवा होता.

तोपर्यंत पत्रिका छापून आल्या होत्या आणि नावं घालणं थांबवता येत नव्हतं. गोटीरामदादा शटरच्या खोलीत टेबल-खुर्ची टाकून बसले. लेथ कोपऱ्यात कापडाखाली झाकलेलं. दादांनी हाताला पावडर लावली होती. आपल्या हाताला आयुष्यात कधी घाम आला नाही, हे ते प्रत्येक पत्रिकेनंतर सांगत. दर दोन नावांनी नामदेवशेठ पेन पुसून देत होते. गावदेवीची पत्रिका झाली, कुलदैवताची झाली, मग मानाच्या पत्रिका सुरू झाल्या. त्यातली पहिली नवरीच्या मामाची, म्हणजे काशीबाईंच्या थोरल्या भावाची.

दादांनी ते नाव जरा जास्तच नक्षीदार घ्यायला सुरुवात केली. शेवटच्या अक्षराला पेनावरून एक तपकिरी थेंब त्यांच्या बोटावर आला, बोटावरून कागदावर पडला. दादांनी तो तळव्याने पुसला. मामांचं अर्धं नाव, जेलच्या शाईसकट, गणपतीच्या चित्रापर्यंत पसरत गेलं.



"एक पन नाय, असा बोलली ना ती?" दादांनी विचारलं.

"एक पन."

दादांनी दाराकडे बघितलं, पत्रिका उचलली आणि खुर्चीवर ठेवून तिच्यावर बसले. मग सदऱ्याच्या आतल्या खिशातून दुकानातलं साधं पेन काढलं. "तुझा पेन समोर ठेव. रुमालावर. बगनाऱ्याला बरा दिसंल. मी यान लिवतो."

"दादा, असा बरा नाय."

"खोली पायजे का नाय?"

नामदेवशेठनी पेन रुमालावर ठेवलं. मामांची दुसरी पत्रिका पहिलीपेक्षा देखणी झाली. दुपारपर्यंत शंभरावर पत्रिका झाल्या. दादा पाणी प्यायलाही उठले नाहीत. उठता येत नव्हतं.

चार वाजता काशीबाई चहा घेऊन आल्या. लिहिलेल्या पत्रिकांची चळत बघून त्यांना बरं वाटलं.

"दादा, दमला असाल. वाईच फिरून या."

"नको. बसल्या जागी हात बसतो."

"कंच्या पेनान लिवताय?"

दादांनी नामदेवशेठकडे बघितलं. नामदेवशेठ पंख्याकडे बघत होते. काशीबाईंनी रुमालावरचं पेन उचललं. त्यांची बोटं ओली झाली. त्यांनी पेन नाकाशी नेलं आणि मग, आमटीची चव बघावी तसं, जिभेच्या टोकाला लावलं.

"मीठ हाय," त्या म्हणाल्या.

"काय?"

"मीठ. चाखून बगा."

नामदेवशेठनी पेन चाखलं. दादांनी हात पुढे केला, त्यांनीही चाखलं. त्याच वेळी हरेश ऑफिसातून लवकर सुटून आला. आपले वडील आणि काका आळीपाळीने एक पेन चाटताहेत, हे त्याने दारातून बघितलं आणि काही न विचारता वर निघून गेला.

काशीबाईंचं माहेर उरणकडचं. वडील मिठागरात कामाला होते. "आमच्या बापसाच्या फावड्याचा दांडा असाच," त्या म्हणाल्या. "पाऊस जवल आला का पानी सुटाचा. आयस बोलाची, दांडा खाडी प्यायलाय. ह्या फल्या तर सारा जनम खाडीन हुभ्या व्हत्या. त्यांच्या अंगान दुसरा काय असनार?"

"वर पांढरा व्हता, तो चुना..." नामदेवशेठ थांबले.

"चुना? कोनी चाखला व्हता?"

कोणी चाखला नव्हता. नामदेवशेठनी वाइसच्या जबड्यात पेन धरून लाकूड फोडलं. आतली पितळी नळी हिरवी पडली होती. मीठ हवेतलं पाणी ओढत होतं आणि पितळ खात होतं. फेब्रुवारीच्या कोरड्या हवेत ते गप्प होतं, एवढंच. आंबा, वीज, पटाशी, परदेशी माणूस, उघाडीचा राग, यांपैकी कोणाकडेच बोट दाखवता येत नव्हतं. ब्रश त्यांच्याच हातात होता.

"मी बगितला नाय," ते म्हणाले.

काशीबाईंनी पेनाचे तुकडे रुमालात गुंडाळले. दादांच्या मांडीखालून पत्रिकेचा कोपरा डोकावत होता, तो त्यांना दिसला. मग म्हणाल्या, "दादा, उठा जरा."

"कशाला?"

"उठा."

दादा उठले. पत्रिका त्यांच्या धोतराला चिकटून आली आणि मग खाली पडली. काशीबाईंनी ती उचलून वाचली, म्हणजे जेवढं वाचता आलं तेवढं.

"माझाच भाव सापडला?"

"त्याचा पयला मान म्हनून..." दादा म्हणाले.

"बाकीच्या तुमच्या पेनान लिवा. आता लपवून नका लिवू," काशीबाई म्हणाल्या आणि कप गोळा करून गेल्या.  

लग्न झालं. मामांना चांगली पत्रिका मिळाली होती आणि खराब पत्रिकेची गोष्टही मिळाली होती. ती त्यांनी हळदीच्या रात्री गोटीरामदादांना बसायला खुर्ची देऊन सगळ्यांना सांगितली. लग्नाचे पाहुणे गेल्यावर नामदेवशेठ स्वतः चावी घेऊन क्रांतीच्या घरी गेले. क्रांती दोन भावांना घेऊन आली आणि लेथ तिसऱ्या मजल्यावरच्या गच्चीत चढवायला मदत केली.

"काका, वाईट वाटतंय मला."

"आरसे आले काय?"

"उद्या येतात."

गच्चीत काशीबाईंची पापड आणि सुकट, म्हणजे बारीक कोलंबी, वाळवायची जागा होती. लेथ ताडपत्रीखाली तिथे ठेवायला त्यांनी परवानगी दिली, ती पावसाळ्यापुरती. नंतर बघू, असं म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात नंतर बघू याचा अर्थ भंगारवाला असा होतो, हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

नामदेवशेठ दिलेली पेनं परत मागायला घरोघर गेले. निम्म्या लोकांनी दिली. केशरबाईंच्या मुलाने दिलं नाही. पेन ओलं झालं की सुकट आत घ्यायची, असा त्याच्या घरात आता नियम पडला होता आणि पेनाचा अंदाज चुकत नव्हता.

जिन्याखाली एक फळी शिल्लक होती. नामदेवशेठ ती घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. त्यांनी घरात काही विचारायची ही पहिलीच खेप असावी.

"काशे, खारवलेल्या मासलीतला मीठ कसा काढतेस?"

"पान्यान ठेवायची. पानी बदलायचा. खारट लागते तवर बदलायचा."

"लाकडाचा पन तसाच निघंल?"

"मासली एका रातीन निघते. ही तुमच्या बापसाच्या वेलची हाय."

फळीचे पेनाएवढे तुकडे करून ते जिन्याखालच्या पिंपात बुडवले. रोज सकाळी नामदेवशेठ पाणी ओतून नवं भरत. ओतण्याआधी काशीबाई बोट बुडवून चाखत आणि "हाय अजून" म्हणून आत जात. पावसाळा लागला. वर लेथवर ताडपत्री वाजत होती, खाली पार्लरमधून ड्रायरचा आवाज येत होता. नवरीच्या मेकअपला येणाऱ्या मुली जिन्यात वाकून पिंपात बघत आणि हे काय भिजवलंय, असं विचारत. क्रांती सांगायची, "काकांचं लोणचं."

मधे एकदा नामदेवशेठना वाटलं, झालं. त्यांनी स्वतः चाखून पाहिलं, काही खारट लागलं नाही. त्यांनी तुकडे बाहेर काढले. काशीबाईंनी चाखलं आणि तुकडे परत पिंपात टाकले.

"तुमी तंबाखू खाता. तुमाला काय लागनार?"

त्यांनी तंबाखू सोडली नाही, पण चाखायचं काम सोडलं.

गणपतीच्या सुमारास काशीबाई एका सकाळी काही न बोलता आत गेल्या. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी नामदेवशेठनी तुकडे काढले. उन्हात ठेवले असते तर चिरले असते, हे आता त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. कापडात गुंडाळून ते स्वयंपाकघराच्या माळ्यावर ठेवले आणि ऑक्टोबरचं ऊन तापून हवा कोरडी होईपर्यंत त्यांना हात लावला नाही. एवढा काळ हात न लावता राहणं हे त्यांना लेथपेक्षा अवघड गेलं.

दिवाळीनंतर त्यांनी गच्चीत एक पेन उतरवलं. भुसा सुकटीवर उडाला, त्यावरून वरपासून खालपर्यंत ऐकू जाईल असं भांडण झालं. पेनाचा लाकडी भाग तयार झाला तेव्हा त्यांनी त्यावर मेण लावलं नाही, भागही दाबले नाहीत. तो पितळ बसवलेला, उघडा तुकडा घेऊन ते खाली आले. हरेश आणि माहेरपणाला आलेली उन्नती जेवायला बसली होती. गोटीरामदादाही होते, ते जेवायच्या वेळी असतात.

काशीबाईंनी हात पुसले, तुकडा घेतला आणि जिभेला लावला. एकदा नाही, दोन्ही टोकांना.

"अलनी हाय," त्या म्हणाल्या.

त्यांच्या स्वयंपाकघरात अळणी हा शब्द आजवर कौतुकाने उच्चारला गेला नव्हता. दादांनीही हात पुढे केला, पण काशीबाईंनी तुकडा नवऱ्याला परत दिला.

"मग खोली?" नामदेवशेठनी विचारलं.

"खोली क्रांतीची. ती बोलून झाली." त्यांनी नामदेवशेठच्या ताटात भात वाढला. मग हरेशकडे वळून म्हणाल्या, "गच्चीवर मशीनला पत्रा टाकायला मानूस बग. आनि माझी सुकट दुसऱ्या बाजूला. मधी भिंत पायजे."

"भिंत कशाला? पडदा टाकू," नामदेवशेठ म्हणाले.

"भिंत," काशीबाई म्हणाल्या.